बाराव्या मेंढीची आई

पाहुणे अकराचं सांगून साडेआठलाच दारात उतरले आणि रामकिशन आबांच्या तयारीवर पाणी फिरलं.

तयारी तशी मोठी नव्हती. सुनेला बरोबर घ्यायचं, मेंढवाड्यातल्या सगळ्या मेंढ्या उन्हात एकदा नजरेखालून घालायच्या आणि कोणती कोणाच्या पोटची, ते तिच्याकडून ऐकून ठेवायचं. यात लपवण्यासारखं काही आहे, असं ब्याऐंशी वर्षांच्या आबांना कधी वाटलं नव्हतं. चांगुणाबाई होती तोवर ते बायकोला विचारत. ती जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून सुनेला विचारत आले. पण पांढरी गाडी पुसेगावच्या फाट्यावरून आत वळली तेव्हा आबा गालाला साबण फासून बसले होते आणि सत्यशीला चुलीपुढं होती.

गाडीतून पहिली उतरली ती रागिणी. सत्यशीलेची एकुलती एक लेक. मेंढरांमागून शाळेत जाता जाता जनावरांची डॉक्टर झाली, मग संशोधक झाली, आणि गेल्या वर्षापासून मेंढी-शेळी विज्ञान परिषदेची अध्यक्ष होती. देशभरातले दीड हजार शास्त्रज्ञ त्या परिषदेत. साठ वर्षांत त्या खुर्चीवर बाई बसली नव्हती, मेंढपाळाचं लेकरू तर लांबच राहिलं. एरवी घरी आली की रागिणी आधी मेंढवाड्यात घुसायची. आज ती अंगणातल्या बाजेवर जाऊन बसली आणि तोंड मिटून राहिली.

त्याला कारण तिनं स्वतःच आणलेला ठराव. अध्यक्ष होताच तिनं मांडलं की, ज्यांच्याकडून आपण ज्ञान घेतो त्या मेंढपाळांनाही परिषदेचं सन्मान्य सभासद करून घ्यायचं. पुस्तकाच्या शेवटी दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हायचं नाही. ठराव अवघ्या अकरा मतांनी तरला. तिचा सहा वर्षांपूर्वीचा गाजलेला अभ्यास आबांच्या माहितीवर उभा होता, म्हणून लोकांनी पहिलं नाव आबांचंच सुचवलं. मग कुजबुज व्हायची ती झालीच. शेवटी अट पडली: समिती घरी जाऊन परीक्षा घेईल आणि नात्यातली बाब म्हणून अध्यक्षांनी तिथं एक शब्द बोलायचा नाही. आबा पास झाले तर परिषदेचं दार सगळ्यांना उघडेल. नापास झाले तर रागिणीनं घरच्यांसाठी खटपट केली असं ठरेल, आणि ते दार पुन्हा कोणी लवकर उघडणार नाही.

सत्यशीलेला हे सगळं फोनवर कळलं होतं. परिषद, ठराव, मतं हे तिला पुरतं उमगलं नव्हतं, पण लेकीचा आवाज उमगला होता. म्हणून आज चहात दोनदा साखर पडली.

दुसरे उतरले डॉक्टर विश्वंभर. उंच, सडपातळ, डोक्याला टोपी. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रागिणीकडून हरलेले तेच. तिसरी उतरली प्रतिक्षा नावाची तरुण शास्त्रज्ञ. तीन महिन्यांपूर्वी येऊन तिनंच सगळ्या मेंढ्यांचं रक्त नेलं होतं. कोणती मेंढी कोणाची लेक, ते प्रयोगशाळेत रक्तावरून काढलं होतं, आणि तो निकाल लाखेची मोहोर लावलेल्या लिफाफ्यात तिच्या पिशवीत होता.

"फाट्यावर बॅनर वाचला," विश्वंभर बाजेवर टेकत म्हणाले. "निवड झाल्याबद्दल अभिनंदन, असं आहे त्यावर. झालीच असेल तर आम्ही चहा घेऊन निघतो."

बॅनर रामप्रसादनं लावला होता. सत्यशीलेचा हा धाकटा दीर आखाडा बाळापूरला मास्तर होता, आता पेन्शनीत निघाला. जन्मभर मेंढराच्या वासाला नाक मुरडलं, वर्गात वडिलांचा धंदा शेती सांगितला; आणि आता आबांचा हसरा फोटो बैलगाडीएवढा छापून फाट्यावर टांगला. त्यानं हसण्यावारी नेलं खरं, पण त्याचे कान लाल झाले होते.

परीक्षा साधी होती. विश्वंभर मनाला येईल ती तरुण मेंढी निवडणार. आबांनी कळपात शिरून तिच्या आईला हात लावायचा. प्रतिक्षा दोघींच्या कानातल्या बिल्ल्यांचे आकडे लिफाफ्यातल्या कागदाशी ताडणार. बारा मेंढ्या, दहा तरी बरोबर यायला हव्यात.

रामप्रसाद लगबगीनं चुलीपाशी आला.

"वहिनी, आबाची नजर अंधूक झाली. नव्या मेंढ्या त्यायला कुठं ठाऊक हायत? तुमी कोकराच्या कुडामागं उभ्या रहा. आबाचा हात बराबर मेंढीवर पडला की बांगड्या वाजवा. चुकला तर गप रहा. आबाले मी सांगतो."

"आन् रागिणीला कळलं तर?"

"तिच्यासाठीच तर करून राहिलो."

सत्यशीला नवऱ्याकडे वळली. शिवशंकर दाव्याला गाठ मारत होता. जन्मभर कळपामागं फिरलेला हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप. "तूच म्होरं हो की," तो म्हणाला आणि गाठ मारायला लागला. बेचाळीस वर्षांत सासऱ्यासमोर तिनं मान वर करून वाक्य पुरं केलं नव्हतं. पाहुण्यांच्या देखत म्होरं होणं म्हणजे आबांची पगडी उतरवणं. ती पदर सावरून कुडामागं जाऊन उभी राहिली.

कुडाच्या काटक्यांच्या फटीतून तिला अंगण दिसत होतं. पायाशी लहान कोकरं लुडबुडत होती. याच कुडात तिचं निम्मं आयुष्य गेलं. पुरुष कळप घेऊन माळावर जात. मागं राहिलेली कोकरं बायकांची. तिन्हीसांजेला कळप परतला की साठ-सत्तर कोकरं एकदम सुटायची, नुसता कल्ला व्हायचा, आणि त्या कल्ल्यात प्रत्येकाला त्याच्या आईखाली लावायचं. चुकीच्या मेंढीखाली गेलं तर ती लाथ मारते, कोकरू उपाशी राहतं. सत्यशीला चुकत नसे. कोकरू जन्मलं की ते पुसून काढणाऱ्या बाईनं त्याच्या कानाशी तोंड न्यायचं आणि त्याच्या आईचं, आईच्या आईचं, तिच्याही आईचं नाव सांगायचं, ही घरची रीत. सात पिढ्या सांगायच्या. चांगुणाबाईनं तिला हे पहिल्याच वर्षी शिकवलं, आणि बजावलंही: हे सुनेला सांगायचं, लेकीला न्हाई. लेक दुसऱ्याच्या घरी जाते, मेंढ्या हितंच राहतात.

म्हणून रागिणीला हे कोणी कधी सांगितलं नाही. वही घेऊन ती आबांच्या मागं फिरे. आबा रात्री जेवताना विचारून ठेवत आणि सकाळी नातीला सांगत. त्या वहीचं पुस्तक झालं. पुस्तक घरी आलं तेव्हा चौथी शिकलेल्या सत्यशीलेनं बोट फिरवत आभाराचं पान वाचलं. आबांना अर्धं पान होतं. तिच्या वाट्याला एक ओळ होती, 'आईच्या हातच्या भाकरीशिवाय हे काम झालं नसतं.' ती हसली होती तेव्हा. भाकरीचं खरंच होतं. पण ते पान तिनं त्यानंतर कितीदा तरी उघडलं, आणि दर वेळी ती ओळ तेवढीच निघाली.

"पहिली," विश्वंभर म्हणाले.

पहिल्या तीन आबांनी झटक्यात सांगितल्या. थोराड मेंढ्यांच्या लेकी होत्या, त्यांना ठाऊक होत्या. चौथीला हात घुटमळला. एका मेंढीवर थांबला, दुसरीवर गेला, आणि कुडामागं बांगड्या किणकिणल्या. "ही," आबा म्हणाले. प्रतिक्षानं मान डोलावली. पाचवी, सहावी तशीच गेली. रामप्रसाद मिशीत हसायला लागला.

सातवीला बांगड्या वाजल्या तेव्हा रागिणीनं मान वळवली.

तिनं थेट कुडाकडे पाहिलं. त्या बांगड्यांचा आवाज तिनं पाळण्यात ऐकलेला होता. तिला सगळं कळलं, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. बोलायची तिला मनाई होती. बोलली तर परीक्षा मोडणार. न बोलली तर जन्मभर एक खोटं घेऊन त्या खुर्चीवर बसायचं. सत्यशीलेला लेकीच्या चेहऱ्यावर एवढं सगळं फटीतून वाचता आलं. तिची तिलाच लाज वाटली. तिनं दोन्ही हातांच्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि मुठी आवळून उभी राहिली.

आठवी मेंढी ठिपक्या कानाची होती. आबा कळपात फिरले, थांबले, वाट बघितली. आवाज आला नाही. "ही बांडी," ते म्हणाले. ठिपकी कोकरू असताना बांडीचं दूध पिताना त्यांनी पाहिली होती.

"चूक," प्रतिक्षा हळूच म्हणाली.

नववी चूक. दहावीसाठी आबा कळपाच्या मधोमध उभे राहिले. ही चुकली की संपलं. त्यांनी एका मेंढीवर हात ठेवला. थांबले. दुसरीवर ठेवला. थांबले. अंगणात मेंढ्यांच्या रवंथाचा आवाज तेवढा येत होता. रामप्रसाद कुडाकडे बघून खाकरला, पुन्हा खाकरला. मग आबांनी हात काढून घेतला, काठीवर दोन्ही पंजे टेकले आणि कुडाकडे तोंड केलं.

"सत्यशीला, भाईर ये."

अंगणातला प्रत्येक माणूस चमकला. बेचाळीस वर्षांत ते नाव आबांच्या तोंडून निघालं नव्हतं. रागिणीची माय, एवढंच निघायचं. शिवशंकरनं दावं खाली ठेवलं.

ती बाहेर आली. पदर कपाळावर, नजर जमिनीवर. आबा विश्वंभरांकडे वळले.

"साहेब, पयल्या तीन माह्या. बाकीच्या हिच्या बांगडीच्या. मला कोणतीच्या पोटची कोणती, ते कधीच धड ठाऊक नव्हतं. पयले मही बायको सांगायची, मंग ही. म्या इचारायचं आन् पोरीला सांगायचं. त्यात चोरी हाय असं कधी वाटलंच न्हाई बघा. चूल पेटवायची तशी ती सांगायची. आज बांगडी थांबली तवा कळलं, की म्या उगाच उभा हाव."

"म्हणजे ही परीक्षा बाद," विश्वंभर कडक आवाजात म्हणाले.

रागिणी ताडकन उठली. विश्वंभरांनी तिच्याकडे न बघता हात वर केला. "अध्यक्षांनी बोलायचं नाही."

ती बसली. रामप्रसाद पुढं होऊन सांगायला लागला की, वयामुळे होतं, आबांना उद्यापर्यंत वेळ द्या. आबांनी त्याला गप केलं, आणि फाट्यावरचं ते फडकं आधी उतरव, असं सांगितलं. विश्वंभर बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. त्यांच्यासमोर सोपी वाट होती: गाडीत बसायचं, जाऊन अहवाल लिहायचा, आणि पुढची निवडणूक खिशात घालायची. सत्यशीलेला निवडणुकीतलं काही कळत नव्हतं, पण माणूस दोन वाटांवर उभा आहे एवढं दिसत होतं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "मी नव्या बारा मेंढ्या निवडीन. तुम्ही एकट्या उभ्या राहाल. कळपाला हात लावायचा नाही, इथूनच सांगायचं. चालेल?"

तिनं सासऱ्याकडे पाहिलं. आबांनी डोळ्यांनी हो म्हटलं आणि स्वतःची काठी टेकत जाऊन बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले.

"चालंल," सत्यशीला म्हणाली.

विश्वंभरांनी पहिली मेंढी धरली.

"हिची माय काजळी. ती बघा, निंबाला आंग घासून राहिली. काजळीची माय मोरकानी, मोरकानीची भुरी. भुरीची आजी मह्या लग्नात आली व्हती."

प्रतिक्षानं बिल्ला वाचला, कागद पाहिला आणि मान डोलावली. दुसरी. तिसरी. सत्यशीलेची मान हळूहळू वर आली. पदर कपाळावरून मागं सरला आणि तिनं तो पुन्हा ओढला नाही. मेंढी समोर आली की ती तिच्याकडे क्षणभर बघे, आणि मग कळपात कुठंतरी बोट जाई. काही मेंढ्यांच्या आज्या मेल्या होत्या. त्या कोणत्या साली गेल्या तेही तिनं सांगितलं. पाचवीनंतर विश्वंभर टोपी बाजेवर टाकून मेंढ्या निवडायला स्वतः कळपात शिरले. सातवीनंतर प्रतिक्षा प्रत्येक नाव लिहून घ्यायला लागली आणि तिचं पेन पुरेना. तिच्या प्रयोगशाळेला यासाठी तीन महिने लागले होते. ही बाई पिठाचे हात पदराला पुसत सांगत होती.

शिवशंकर आ वासून बायकोकडे बघत होता. तिला येतं हे त्याला ठाऊक होतं. इतकं येतं, हे नव्हतं.

अकरा झाल्या. अकराही बरोबर. बारावीला मात्र नवी सोडून विश्वंभरांनी मुद्दाम तीच ठिपक्या कानाची मेंढी ओढून आणली, जिच्यावर आबा चुकले होते.

सत्यशीला तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं डोकं हलवलं.

"हिची माय हितं न्हाई."

"नीट बघा. पूर्ण कळप बघा."

"कळपात न्हाईच, तर काय बघू? हट्ट्याला आबाचा भाचा हाय, प्रेमदास. तीन सालामागं रोगानं त्याचा कळप बसला, तवा भावकीनं एकेक मेंढी दिली. आमी चांदी दिली. ही चांदीची लेक, तवा दीड महिन्याची. मागं राहिली, लई वरडली. बांडीचं कोकरू मेलतं, म्हणून म्या हिला तिच्याखाली लावली. आबाला बांडी वाटली त्यात त्यायची चूक न्हाई. दूध बांडीचं, पोट चांदीचं."

विश्वंभरांनी प्रतिक्षाच्या हातातून कागद घेतला. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी ती मोठ्यानं वाचली. "आई कळपात आढळली नाही."

विश्वंभर कागदाकडे आणि मग सत्यशीलेकडे बघत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी मेंढ्यांचा अभ्यास केला होता, पुस्तकं लिहिली होती, आणि आज त्यांच्या विज्ञानानं जिथं हात टेकले होते तिथं या बाईनं गावाचं आणि माणसाचं नाव सांगितलं होतं. त्यांनी हट्ट्याच्या प्रेमदासचा फोन नंबर मागितला. चांदीचं रक्त तपासायला प्रतिक्षा वाटेत थांबेल म्हणाले. आणि मग, कोणाला अपेक्षा नसताना, त्या उंच माणसानं वाकून सत्यशीलेला नमस्कार केला. ती घाबरून दोन पावलं मागं झाली. आबा जमिनीवर बसल्या बसल्या डोळे पुसत होते आणि ते लपवतही नव्हते.

"परिषदेला माझा अहवाल असा जाईल," विश्वंभर म्हणाले, "की आपण चुकीच्या माणसाची परीक्षा घ्यायला गेलो होतो. रागिणीताईंच्या पुस्तकातही नाव चुकलं आहे. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त व्हावं."

रागिणीनं नुसती मान हलवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बायकांना खुर्ची मिळावी म्हणून ती देशभर भांडली, आणि आपल्याच कुडामागं कोण उभं आहे ते तिनं चाळीस वर्षं बघितलं नव्हतं.

प्रतिक्षानं नवा अर्ज काढला. जुना आबांच्या नावचा होता, तो घडी करून ठेवला. विश्वंभरांनी पेन उघडलं. पूर्ण नाव, असं पहिल्याच ओळीत होतं.

"सत्यशीला शिवशंकर," रामप्रसाद सांगायला लागला.

"त्यांना सांगू द्या," विश्वंभर म्हणाले.

सत्यशीलेनं विचार केला. समोर कोकरं होती, कळप होता, आणि कानाशी तोंड नेऊन सांगायची एकच रीत तिला येत होती. ती त्याच रीतीनं सांगायला लागली.

"सत्यशीला. तिची सासू चांगुणाबाई. तिची सासू द्वारकाबाई. तिची सासू देवला. देवलानं पयली मेंढी म्हायेरातून आणली. त्याच्या मागचं सासूबाईला बी ठाऊक नव्हतं."

विश्वंभर लिहीत गेले. ओळ संपली, त्यांनी समासात लिहिलं. समास संपला तसा कागद आडवा केला.

"झालं?"

"न्हाई, अजून एक." सत्यशीलेनं बाजेकडे पाहिलं. तिला सून नव्हती. रामप्रसादची सून पुण्याला बँकेत होती, तिला लोकरीच्या वासानं शिंका येत. तिच्यानंतर हे सांगायला कोणी नाही, हे तिनं नऊ वर्षं मनात धरलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. "तिच्या म्होरं रागिणी."

आबांनी चमकून वर पाहिलं. लेकीला सांगायची रीत नव्हती. पण त्यांनी हळूच मान डोलावली.

"बाई, अध्यक्षांचं नाव या अर्जावर घेता येणार नाही," विश्वंभर अजिजीनं म्हणाले. "नियम आहे."

"तुमी नका लिवू," सत्यशीला म्हणाली. "तिनं ऐकलं, बास."

विश्वंभरांनी पेन मिटलं. काम संपलं, असं त्यांनी रीतसर जाहीर केलं. तेव्हा सकाळपासून गप्प बसलेली परिषदेची अध्यक्ष बाजेवरून उठली, ठिपक्या कानाच्या मेंढीपाशी मातीत मांडी घालून बसली आणि आईकडे मान वर करून तिनं पहिला प्रश्न विचारला.

"माय, चांदीची माय कोण?"

सत्यशीला तिच्याजवळ बसली, कानाशी वाकली, आणि देवलाच्या मेंढीपासून सांगायला लागली.